दुसऱ्या नमुन्याची तारीख

कोजागिरीचा दुसरा दिवस. कल्याण-नगर हमरस्त्याला लागून असलेल्या या छोट्या रुग्णालयाच्या ओसरीत सकाळी नऊलाच बाकं भरली आहेत. पारनेर तालुक्यात पाऊस परतला की तापाचे पेशंट वाढतात. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड ही तीन नावं बाकावर बसलेली माणसं एकमेकांना आधीच सांगून ठेवतात आणि मग त्यातलं कुठलं आपलं, एवढंच डॉक्टरांकडून ऐकायला येतात.

आत तपासणीच्या टेबलावर पन्नाशीतला एक मेंढपाळ कुशीवर पडला आहे. पागोटं उशाला, घोंगडं छातीपर्यंत. खिडकीतून येणारा उजेड त्याला सोसत नाही, म्हणून बायकोनं पदर आडवा धरला आहे.

"मामा, काय काय दुखतंय?" डॉक्टरबाई विचारतात.

"काय दुखत न्हाई ते विचारा." तो डोळे न उघडता बोलतो. "टकुरं नुसतं ठणकतंय. डोळ्यांच्या मागून."

खंडेनवमीला दुपारी तो मेंढरं वळत होता. उन्हातच हुडहुडी भरली. संध्याकाळी वाड्यावर परतेपर्यंत अंग तापलेलं. तेव्हापासून आज सातवा दिवस. रात्री घामानं अंथरूण भिजतं, पहाटे जरा हुशारी वाटते, ऊन वर आलं की पुन्हा तेच. मांड्या आणि पाठ कुटून काढल्यासारखी. खोकला आहे, पण कोरडा आणि थोडाच. विचारल्यावर आठवला एवढाच. भाकरी बघितली की मळमळतं.

थर्मामीटर १०३ दाखवतो. नाडी ८६. डॉक्टरबाई घड्याळावरून नजर काढून पुन्हा एकदा मनगट धरतात. एवढ्या तापात नाडी शंभराच्या वर पळायला हवी, ही अंमळ संथ आहे. मग त्या घोंगडं बाजूला करून अंग तपासायला लागतात. काखा, जांघा, कानांच्या मागं, करगोट्याखालची कातडी बोटानं ताणून बघतात. गोचिडीच्या जातीतला एक बारीक किडा चावतो तिथं काळी खपली धरते आणि तिथूनच स्क्रब टायफसची ओळख पटते. २०१८ साली नागपूर भागात या तापाची साथ आली तेव्हापासून ती खपली शोधायची सवय त्यांनी हाताला लावून घेतली आहे. इथं खपली नाही, पुरळही नाही. उजव्या बरगडीखाली बोटं रुततात तसा मामा कण्हतो. यकृत दोन बोटं खाली आलं आहे. पाठीला स्टेथोस्कोप लावून उजवीकडे तळाशी त्या बराच वेळ थांबतात आणि मलाही ऐकायला देतात. श्वास आत जाताना शेवटी अगदी बारीक चरचर होते.

बायकोनं पिशवीतून कागद काढले आहेत. दुसरीकडे कुठेतरी तीन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं झाली. मलेरियाचा रिपोर्ट निगेटिव्ह, डेंग्यूचा निगेटिव्ह, टायफॉइडच्या विडाल चाचणीत सांगण्यासारखं काही नाही. इंजेक्शनं पेनिसिलिनच्या घराण्यातली होती आणि तापानं त्यांना दाद दिलेली नाही. अशा कागदांचा गठ्ठा मी या जिल्ह्यात किती जणांच्या हातात बघितला असेल! सगळे निगेटिव्ह, आणि माणूस मात्र तापानं फणफणलेला. त्या कागदांवर शेवटी 'व्हायरल' असं लिहिलं जातं आणि माणूस घरी जातो.

डॉक्टरबाई कागद बाजूला ठेवतात आणि मामाकडे न बघता मावशींकडे वळतात.

"मावशी, मेंढ्या व्यायला लागल्यात का?"

"लागल्यात की. निम्म्या व्याल्या."

"आणि गाभडल्या किती?"

मावशी एकदम गप्प होतात. डॉक्टरकडे माणसाच्या आजारासाठी आलो आणि ही मेंढ्यांचं का विचारते, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. मग बोटं मोडत सांगतात, "पितरपाटात पाच गेल्या. दिस भरत आलेल्या व्हत्या हो सगळ्यांचे. दोन शेळ्यांनी बी टाकलं. कोकरं मेलेलीच पडली."

"सोडवलं कुणी?"

"ह्यांनीच. आन् म्या. एकीची जार पडंना, ह्यांनी हात घालून काढली."

पितरपाट ते खंडेनवमी. डॉक्टरबाई मनाशी दिवस मोजतात आणि केसपेपरवर सगळ्यात वर, तापाच्याही वर, लिहितात: मेंढ्या गाभडल्या, जार हातानं काढली, सुमारे तीन आठवड्यांपूर्वी. त्याखाली दोन नावं येतात. ब्रुसेलोसिस आणि क्यू ताप.

दोन्ही आजार जनावरं गाभडवतात आणि दोन्ही माणसाला लागतात. ब्रुसेलोसिसचं नाव निदान पशुवैद्यकांच्या तोंडी असतं. क्यू तापाचं तेवढंही नाही. हिंदुस्थानात त्याचा माग १९५०च्या दशकापासून लागत आलेला आहे, तरी ओसरीतल्या बाकावर ते नाव कुणी घेत नाही. या तापाचं कारण असलेला जंतू, कॉक्सिएला बर्नेटी, मेंढी, शेळी, गाय यांच्या गर्भाशयात आणि जारेत बेसुमार वाढतो. एक ग्रॅम जारेत तो शंभर कोटींच्या घरात असू शकतो आणि माणसाला आजारी पाडायला श्वासातून गेलेले मोजके जंतू पुरतात. लागण झाल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. निम्म्या लोकांना तर काहीच होत नाही. ज्यांना होतं त्यांना बहुधा असंच: अचानक चढलेला ताप, डोळ्यांमागची डोकेदुखी, घाम, अंगदुखी, सोबत कधी न्यूमोनिया तर कधी यकृताची सूज. जागेनुसारही फरक पडतो. फ्रान्समध्ये यकृताचे रुग्ण अधिक सापडतात, नेदरलँड्सच्या साथीत न्यूमोनियाचे अधिक सापडले. टेबलावरच्या मामाच्या अंगात दोन्हीच्या खुणा आहेत.

गोळी द्यायच्या आधी रक्त, हा डॉक्टरबाईंचा दंडक. डॉक्सिसायक्लिन पोटात गेलं की रक्तातला जंतू झपाट्यानं हटतो आणि मग पीसीआरला सापडत नाही. म्हणून मामाला धरून पलीकडच्या खोलीत नेतात. खोली दहा बाय दहाची. एक मायक्रोस्कोप, एक सेल काउंटर, एक सेंट्रिफ्यूज, कोपऱ्यात फ्रीज. हिचा कारभार बघणारा तरुण शेजारच्याच गावचा आहे. तो जांभळ्या टोपणाच्या दोन आणि लाल टोपणाच्या दोन नळ्यांत रक्त घेतो. जांभळीत रक्त गोठत नाही, ती मोजणीला आणि पीसीआरला. लाल नळ्या तो स्टँडमध्ये उभ्या करून ठेवतो. अर्ध्या तासानं रक्त गोठतं, मग सेंट्रिफ्यूज.

तास-दीड तासात आकडे यायला लागतात. मी त्याच्या खांद्यावरून वाचतो आहे. पांढऱ्या पेशी ६,४००. एवढा ताप, फुप्फुसात चरचर, आणि पांढऱ्या पेशी जिथल्या तिथं. साध्या जिवाणूचा न्यूमोनिया असता तर पंधरा-वीस हजार सहज दिसल्या असत्या. प्लेटलेट १ लाख १२ हजार, म्हणजे उतरलेल्या. ईएसआर ५८. सीआरपी बराच वाढलेला. एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही नेहमीच्या तिप्पट, पण बिलिरुबिन एकाच्या आत. यकृत सुजलंय आणि कावीळ नाही. सोडियम जरासं कमी. लघवीत थोडं प्रथिन.

"प्लेटलेट बघून कुणीही डेंग्यू म्हणंल," तो तरुण म्हणतो. "पण डेंग्यूत पांढऱ्या पेशी पण पडतात ना. आणि सातव्या दिवशी डेंग्यूचा ताप उतरायला लागतो. ह्यांचा जागचा हलत नाय."

खरं तर यातला एकही आकडा क्यू तापाची सही घेऊन येत नाही. यकृताची एन्झाइम बहुतेक रुग्णांमध्ये वाढतात, प्लेटलेट सुमारे चौघांत एकाच्या उतरतात आणि बरं होताना उलट वाजवीपेक्षा वाढतात, पांढऱ्या पेशी बहुधा ठीकच असतात. लेप्टोमध्ये, स्क्रबमध्ये, टायफॉइडमध्येही यातलं बरंच काही दिसतं. मावशींनी सांगितलेली ती पाच मेंढरं नसती तर हा कागदही त्या गठ्ठ्यात जाऊन बसला असता. प्रयोगशाळेनं आजार ओळखावा अशी आपली अपेक्षा असते. इथं माझ्या डोळ्यांदेखत मेंढ्यांबद्दलच्या एका प्रश्नानं प्रयोगशाळेला काय शोधायचं ते सांगितलं आहे.

१९३५ साली ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांमध्ये असाच ताप पसरला होता. एडवर्ड डेरिक नावाच्या डॉक्टरनं त्याचा छडा लावायला घेतला. कामगारांचं रक्त जिवाणूंसाठी वाढवून पाहिलं, काहीच उगवलं नाही. कारण हा जंतू पेशीच्या आत राहतो, साध्या माध्यमावर वाढतच नाही. त्यानं गिनीपिगला रक्त टोचलं, तर गिनीपिगला ताप आला. १९३७ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं आणि कारण कळेपर्यंतचं नाव म्हणून 'क्यू' हे अक्षर दिलं. पुढे मेलबर्नला मॅकफार्लेन बर्नेटनं आणि तिकडे अमेरिकेत मोंटानामध्ये गोचिडांवर काम करणाऱ्या हेरल्ड कॉक्सनं तोच जंतू गाठला आणि दोघांचीही नावं त्याला चिकटली. मला यात डेरिकचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की त्यानं 'काहीतरी ताप' म्हणून फाइल बंद केली नाही. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून कत्तलखान्यात काम करणाऱ्यांसाठी लस आहे.

दुसऱ्या लाल नळीसाठी लावलेलं सेंट्रिफ्यूज थांबतं. तरुण नळी उजेडाकडे धरतो. खाली काळसर लाल गोळा, वर गवती रंगाचं स्वच्छ सीरम. पिपेटनं, गोळ्याला धक्का न लावता, तो ते सीरम चार छोट्या कुप्यांमध्ये काढतो. दोन कुप्यांवर आजची तारीख घालून फ्रीजरमध्ये ठेवतो, बाकीच्या दोन बर्फाच्या डब्यात. ही तपासणी तालुक्यात होत नाही. नमुना पुढं मोठ्या शहरातून जातो आणि जिथं ती होते तिथंही जंतू वाढवायचा धोका शक्यतो कुणी पत्करत नाही, प्रतिपिंडंच मोजतात.

"फ्रीजरमधल्या कशाला?" मी विचारतो.

"दुसरं सीरम तीन आठवड्यांनी घ्यायचं. मग ही आणि ती एकाच दिवशी, एकाच वेळी लावायची. नुसत्या आजच्या सीरमवर कोण काय सांगणार? सातव्या दिवशी प्रतिपिंडं आलेली असतील, नसतील. आणि असली तरी आत्ताची का जुनी? मेंढरांत जन्म गेला ह्यांचा."

तो मला हिशोब समजावतो. सीरम पातळ करत न्यायचं, दर वेळी दुप्पट पातळ: सोळा पट, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. कुठवर प्रतिपिंडं दिसतात ते टिपायचं. दुसऱ्या नमुन्यात तो आकडा पहिल्याच्या चौपट किंवा जास्त झाला तर आजार आत्ताचा, नक्की. या जंतूला दोन अंगरखे आहेत. एक घालून तो जनावरात आणि धुळीत वावरतो, त्याला फेज एक म्हणतात. दुसरा प्रयोगशाळेत वाढवता वाढवता उघडा पडलेला, फेज दोन. गंमत अशी की ताज्या आजारात शरीर आधी फेज दोनविरुद्ध प्रतिपिंडं काढतं. फेज एकची पातळी महिन्यांनी चढत गेली तर समजायचं की जंतू अंगात ठाण मांडून बसला आहे, बहुधा हृदयाच्या झडपेवर. अशी वेळ फार थोड्यांवर येते, पण ज्यांच्यावर येते त्यांना दीड-दोन वर्षं औषध घ्यावं लागतं. डॉक्टरबाईंनी मघाशी मामाची छाती पुढून एवढा वेळ का ऐकली, ते आत्ता लक्षात येतं. झडपेचा आवाज नाही. तरीही त्यांनी केसपेपरवर सहा महिन्यांनंतरची तपासणी लिहून ठेवली आहे.

एक्स-रे ओला ओलाच येतो. उजवीकडे खाली रुपयाएवढा धुरकट डाग. मामाला तर खोकला विचारल्यावर आठवला होता.

डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू होतात. १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. रिपोर्टची वाट बघायची नसते. स्क्रब निघालं तरी हेच औषध लागू पडतं. ब्रुसेलोसिस निघाला तर मात्र सोबत आणखी औषध आणि जास्त दिवस, म्हणून त्याचाही नमुना गेला आहे.

"मावशी, वाड्यावर कुणी पोटुशी बाई आहे का?"

"धाकली सून. पाचवा चाललाय."

डॉक्टरबाई पेन खाली ठेवतात. "ती मेंढ्यांजवळ असते?"

"असती की. कोकरं तीच धरती पाजायला."

दुपारी आम्ही वाड्यावर निघतो. डॉक्टरबाईंनी पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन लावला आहे, तेही दवाखान्यातून थेट येतात. ढवळपुरी-टाकळीच्या या पट्ट्यातले धनगर दिवाळीनंतर माळशेज उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आत्ता वाडा एका शेतकऱ्याच्या रानात बसला आहे. जाळ्याची वाघूर लावलेली, आत दोनशेच्या आसपास मेंढरं आणि थोड्या संगमनेरी शेळ्या. ही शेळीची जात याच जिल्ह्यातल्या तालुक्याच्या नावानं ओळखली जाते आणि तिच्यावर राहुरीच्या कृषी विद्यापीठात संशोधन प्रकल्प चालतो. कांद्याच्या लागवडीआधी रानाला लेंडीखत मिळावं म्हणून शेतकरी वाडा बसवून घेतात, त्याचे पैसे किंवा धान्य देतात. वाऱ्याबरोबर सुकलेल्या लेंड्यांची तपकिरी धूळ उठते. हा जंतू कोरड्या धुळीत महिनोन्महिने टिकतो.

नेदरलँड्समध्ये हेच झालं. २००७ ते २०१० या काळात तिथं चार हजारांहून जास्त लोकांना क्यू ताप झाल्याची नोंद आहे. दुधाच्या शेळ्यांचे मोठे गोठे, गाभडणाऱ्या शेळ्या आणि वारा. त्यातल्या अनेकांनी शेळीला हातही लावलेला नव्हता. शेवटी सरकारनं पन्नास हजारांहून अधिक शेळ्या मारल्या. तिथं माणसांच्या डॉक्टरांना आणि जनावरांच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला उशीर झाला. इथं, या रानात, ते दोघं आत्ता वाघुरीच्या बाहेर उभे राहून बोलताहेत आणि ते बघून मला मनापासून बरं वाटतं.

आम्ही असतानाच एक मेंढी व्यायला बसते. मोठा मुलगा तिच्यामागं उकिडवा बसतो. पाय दिसतात, मग नाक. तो दोन्ही हातांनी कोकरू ओढतो, बोटानं त्याच्या नाकातोंडावरचा चिकट पडदा काढतो, आणि कोकरू हलत नाही असं दिसताच त्याच्या नाकपुड्यांत फुंकर घालायला वाकतो.

"तोंड लावू नको, तोंड लावू नको!" पशुवैद्य ओरडतात आणि पुढं होऊन गवताची काडी कोकराच्या नाकात फिरवतात. कोकरू शिंकतं, मान झटकतं. मुलगा हसतो. फुंकर घालून त्यानं आजवर किती कोकरं जगवली असतील. त्याला ती सोडायला सांगणं सोपं नाही, आणि पशुवैद्यही नुसतं सांगत नाहीत. काडी कशी धरायची ते दाखवतात, मागचे पाय धरून उलटं झुलवायचं ते दाखवतात. जार पडते तशी वाड्याची दोन कुत्री उठून येतात. पशुवैद्य हातमोजे घालून जारेचा तुकडा आणि स्वॅब डबीत घेतात आणि उरलेल्याला खड्डा खणायला लावतात. कमरेइतका, वर चुना. गाई-म्हशीची जार गोणपाटात बांधून वडाला टांगायची चाल मी लहानपणापासून पाहिली आहे, मेंढरांची बहुधा कुत्र्यांनाच जाते. वाघुरीतली जागा झाडायच्या आधी पाणी शिंपडा, नाकाला फडकं बांधा, दूध उकळल्याशिवाय पिऊ नका: ते एकेक गोष्ट दोनदा सांगतात.

धाकटी सून पालाच्या दाराशी बसून आहे. अंगात काही नाही म्हणते. ताप नसला तरी पोटातल्या बाळाला या जंतूचा धोका राहतो, गर्भपाताचा आणि कमी दिवसांच्या बाळंतपणाचा. आणि मामाचं औषध तिला देता येत नाही, तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत. डॉक्टरबाई तिच्याजवळ जमिनीवर बसतात, रक्त घेतात आणि सासूसमोर बजावतात की बाळंत होईपर्यंत हिला वाघुरीत पाठवायचं नाही.

"मग कोकरं कोण धरणार?" मावशी विचारतात. त्यांना खरंच उत्तर हवं आहे. नवरा आडवा झालाय, दोन मुलं चारायला जातात, बिऱ्हाड घोड्यांवर लादायचं आहे. डॉक्टरबाईंकडे याचं उत्तर नाही. थोरला मुलगाच म्हणतो, "मी धरतो. तिला पालावर राहू दे."

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. चौंडीच्या धनगराच्या लेकीचं नाव. त्या नावाचा मान राखायचा तर या वाड्यावरचा ताप कुठल्या तरी नोंदवहीत त्याच्या खऱ्या नावानं चढला पाहिजे, असं मला फार वाटतं. पण तपासणीची रीतच अशी आहे की तिला एका जागी राहणारा माणूस लागतो. आज एक नमुना, तीन आठवड्यांनी दुसरा. तीन आठवड्यांनी म्हणजे कार्तिकी एकादशीच्या चार-पाच दिवस आधी.

"पाडव्याला हलतो आम्ही," मावशी सांगतात. "तवर आळेफाटा मागं पडंल. वतूरच्या आसपास असू."

"ओतूरला माझे पाहुणे आहेत," सोबत आलेला तरुण म्हणतो. "गाडीवर येतो. रक्त घेऊन, बर्फात घालून त्याच दिवशी माघारी."

"रेंज नसती तिकडं रानात."

"वाडा कुठं बसलाय ते फाट्यावर विचारत येतो. मामांच्या गोळ्या तेवढ्या चौदा दिवस मोडू देऊ नका. बरं वाटलं तरी."

डॉक्टरबाई बॅग आवरताना त्याला म्हणतात, "सुनेचंही त्याच दिवशी घे. आणि थोरल्याचं आजच घेऊन ठेव, फुंकरा मारणारा तोच आहे."